चादरीपासून धाग्यापर्यंत: प्रकल्प नोंदी, २०२५

९ जानेवारी

नोंदवही आजपासून सुरू. समन्वयाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून कोणी काय कबूल केलं आणि ते कुठे अडलं, एवढंच इथे लिहीत जाणार.

काम असं: रुग्णालयं आणि हॉटेलं यांच्याकडून बाद होणाऱ्या पॉली-कॉटनच्या चादरी आणि गणवेश गोळा करायचे. त्यातला कापूस आणि पॉलिएस्टर वेगळा करायचा, कापसाचा लगदा करायचा, लगद्यापासून लायोसेलचा (सेल्युलोज विरघळवून काढतात तो) तंतू काढायचा आणि तो पुन्हा कपड्यात आणायचा.

पहिल्या बैठकीला भाड्याने कापड पुरवणारी औद्योगिक लॉन्ड्री, वर्गीकरण करणारी कचरा-व्यवस्थापन कंपनी, कागद कारखान्याच्या पल्प विभागातले लोक, तंतू कंपनी, सूतगिरणी, गणवेश शिवणारे, एक बँक आणि एक फॅशन ब्रँड. फॅशनवाला एकच, बाकी सगळे इतर धंद्यातले. हे मुद्दामच केलंय. २०१७ साली एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने हिशेब मांडला होता की कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहून कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. तो आकडा फॅशन उद्योगाने एकट्याने कितीही ठरवलं तरी हलणार नाही, कारण कपडे गोळा करणं, फाडणं, विरघळवणं, लगदा करणं यातलं काहीच त्या उद्योगाला येत नाही. ज्यांना येतं, त्यांचा फॅशनशी आजवर संबंध आला नव्हता.

चादरींपासून सुरुवात का? पांढऱ्या, एकाच विणीच्या, एकाच पुरवठादाराकडून हजारोंनी घेतलेल्या. घराघरांतून येणाऱ्या कपड्यांत इतका एकसारखा माल मिळणं शक्य नाही.

१६ जानेवारी

दिवसभर लॉन्ड्रीत.

इस्त्रीच्या रोलरमधून चादर बाहेर येते तिथे उभा होतो. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात, दुमडलेल्या काठाच्या आत नखाएवढा टणक भाग हाताला लागतो. ती आरएफआयडी चिप, रेडिओलहरींनी दुरून वाचता येणारी. भरलेली ट्रॉली दारातून गेली की अँटेना सगळ्या चिपा एका दमात वाचतो. संगणकावर दिसतं: ही चादर कधी खरेदी झाली, कोणत्या लॉटमधली, किती वेळा धुतली गेली, सध्या कोणाकडे आहे. चादरी हरवू नयेत आणि बिल नीट व्हावं म्हणून ही व्यवस्था कितीतरी वर्षांपासून आहे.

युरोपियन युनियनचा इकोडिझाइनचा नियम १८ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्यात वस्तूंच्या डिजिटल पासपोर्टची, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या माहितीच्या डिजिटल नोंदीची तरतूद आहे आणि कपडे त्यात अग्रक्रमावर आहेत. तेव्हापासून फॅशनच्या प्रत्येक बैठकीत पासपोर्ट कसा करायचा यावर तासन्‌तास बोललं जातं. लॉन्ड्रीकडे तो चालू अवस्थेत आहे, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही.

आमच्यासाठी नवं सॉफ्टवेअर बनवायचं नाही असं आजच ठरवलं. लॉन्ड्रीने तीन रकाने उघडायचे: कापडाची घडण, खरेदीचा लॉट, धुलाईची संख्या. कोणतं रुग्णालय, कोणतं हॉटेल हे दाखवायला व्यवस्थापक मॅडम तयार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. आपल्याला त्याची गरजही नाही.

२९ जानेवारी

वर्गीकरण केंद्र.

यंत्र उत्तम आहे. जवळच्या अवरक्त किरणांखालून कपडा जातो, प्रत्येक तंतू ते किरण आपापल्या पद्धतीने परतवतो आणि त्यावरून यंत्र कपडा कोणत्या कप्प्यात ढकलायचा ते ठरवतं. स्वीडनमध्ये माल्मोला सिस्अॅव्ह ही कचरा कंपनी याच तत्त्वावर सिप्टेक्स नावाचं केंद्र चालवते, क्षमता वर्षाला २४,००० टन. तिथेही पुढाकार कचरा उद्योगाचा आहे, हे लक्षात घेण्यासारखं.

पण यंत्राला वरचा थर दिसतो. आतलं अस्तर, दोन टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा तंतू), गडद काळा रंग, यापुढे ते गोंधळतं. आणि बटण, चेन, चिप काढायला माणूसच लागतो.

टेबलावर बरीच वर्षं काम करणाऱ्या ताईंशेजारी बसलो. कात्री उजव्या हातात. डाव्या हाताने चादरीची कड चाचपत त्या चिप शोधतात, कापतात; मग लेबल शोधतात, तेही कापतात. चिप एका कोपऱ्यात, लेबल समोरच्या कोपऱ्यात, म्हणून चादर पूर्ण फिरवावी लागते. ताई म्हणाल्या, ‘दोन्ही एकाच कोपऱ्यात शिवली तर मी एका कापात मोकळी होईन. पण शिवणाऱ्यांना हे कोण सांगणार?’

शिवणारे आमच्या बैठकीत असतात. पुढच्या बैठकीला ताईही असतील, अशी विनंती केंद्राला केली आहे. मान्य झाली.

आणखी एक गोष्ट आजच करारात घालायला सांगितली: जी चादर अजून वापरता येते ती या केंद्रात येताच कामा नये. छोटं भोक पडलेल्या चादरीतून लॉन्ड्री उशीचे अभ्रे आणि पुसण्याची फडकी काढते, ते आधी. याच महिन्याच्या सुरुवातीला घानातल्या आक्रा शहरातला जुन्या कपड्यांचा कांतामांतो बाजार आगीत होरपळला. जगभर उतरवले गेलेले कपडे दुरुस्त करून, रंगवून पुन्हा वापरात आणणारे हजारो लोक तिथे काम करतात. कपडा कपडाच राहू शकत असेल तर त्याला रसायनात घालण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

१२ फेब्रुवारी

आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून सविस्तर.

पल्प विभागाची प्रयोगशाळा. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. नव्या कापसात एका साखळीत हजारो कड्या असतात. प्रत्येक धुलाईत अल्कली, ब्लीच आणि उष्णता मिळून ही साखळी थोडी थोडी तुटते. किती तुटली ते बघायची कागदवाल्यांची रीत जुनी आहे: नमुना तांब्याच्या एका गडद निळ्या द्रावणात विरघळवायचा, बारीक काचेच्या नळीतून सोडायचा आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. साखळ्या लांब असतील तर द्रव रेंगाळतो, आखूड असतील तर सरसर उतरतो.

जुन्या चादरीचा नमुना सरसर उतरला.

सूतगिरणीचे साहेब बघून म्हणाले, ‘हा माल आमच्या काहीच कामाचा नाही. पिंजायला घेतला तर निम्मा धुरळा होईल. साधं ओपन-एंडचं जाड सूत काढायचं म्हटलं तरी अर्ध्याहून जास्त नवा कापूस घालावा लागेल.’ त्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं की लाकडाच्या लगद्यातही साखळ्या मुद्दाम तोडून त्या काहीशे कड्यांपर्यंत आणाव्या लागतात, नाहीतर त्या विरघळत नाहीत. म्हणजे लॉन्ड्रीने जे काम वर्षानुवर्षं नकळत केलं, त्यातलं बरंचसं काम पल्प कारखान्याला विकत करावं लागतं.

अडचण वेगळीच निघाली. एकाच गासडीतल्या दोन चादरींचे आकडे एकमेकांपासून फार लांब. एक नवीकोरी असताना शाई सांडून बाद झालेली, दुसरी झिजून झिजून बाद झालेली. पल्पवाल्यांना आखूड साखळी चालते, लांब चालते, पण दोन्ही एकत्र चालत नाहीत. तंतू कातायच्या द्रावणाचा घट्टपणा सारखा वरखाली झाला तर बारीक छिद्रांतून धार तुटते.

इथे लॉन्ड्रीचा रकाना कामाला आला. धुलाईची संख्या आपल्याकडे आहे! चादरी धुलाईच्या संख्येनुसार तीन गटांत वेगळ्या बांधल्या तर प्रत्येक गासडी आतून बरीच एकसारखी असेल. लॉन्ड्रीच्या मॅडम म्हणाल्या, ‘एवढंच ना? दारावरचा अँटेना ते आजही करू शकतो.’ प्रयोगशाळेला लॉन्ड्रीकडे ही माहिती असते हे ठाऊक नव्हतं, आणि लॉन्ड्रीला ही माहिती कोणाला हवी असेल अशी कल्पना नव्हती. या प्रकल्पात पुढे काहीही होवो, आज जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं.

१३ फेब्रुवारी

तीन गटांच्या गासड्या बांधायला लॉन्ड्रीने आज सुरुवात केली. कागदपत्र नंतर.

६ मार्च

बँकेबरोबर बैठक. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सुंडस्वालचा विषय काढला. काढायलाच हवा होता.

स्वीडनच्या सुंडस्वाल गावात एका मोठ्या कागद कारखान्याच्या आवारात रिन्यूसेल कंपनीने २०२२ साली जुन्या सुती कपड्यांपासून लगदा करायचा कारखाना उघडला. क्षमता वर्षाला ६०,००० टन. तंत्र चालत होतं, माल बनत होता, मोठमोठ्या ब्रँडनी कौतुक केलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही आणि पुढचं भांडवल उभं राहिलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आल्टोर या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली आणि आता ती सर्क्युलोज या नावाने उभी राहते आहे.

माझं या घटनेचं आकलन असं: ब्रँड लगदा विकत घेत नाही. ब्रँड तयार कपडे घेतो. लगदा तंतू कंपनी घेते, तंतू गिरणी घेते, सूत कापडवाला, कापड शिवणारा. ब्रँडने मंचावरून ‘आम्हाला हे हवंय’ म्हटलं तरी तो शब्द चार हातांतून लगद्यापर्यंत पोचायचा असतो, आणि मधल्या प्रत्येकाला साधा लाकडाचा लगदा स्वस्तात मिळत असतो. शिवाय मुदत. फॅशनची ऑर्डर एका हंगामाची, पल्प कारखाना तीस-चाळीस वर्षांचा. एका हंगामाच्या भरवशावर कारखान्याला कर्ज कोण देईल?

बँकेचे अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘खरेदीचा करार आणा, त्यात वर्षं आणि टन लिहिलेले असू द्या. मग आपण व्याजावर बोलू.’ यापेक्षा स्पष्ट बोलणं या विषयावर मी आजवर ऐकलं नाही.

२० मार्च

दुसरा ब्रँड सामील. दोन्ही एकमेकांचे स्पर्धक. त्यामुळे आता प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वकील एक पान वाचून दाखवतात: किमती, ग्राहक, पुढच्या हंगामाचे बेत यावर बोलायचं नाही. सुरुवातीला सगळे अवघडले. पण युरोपियन कमिशनने जून २०२३ मध्ये स्पर्धकांमधल्या सहकार्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वं सुधारताना शाश्वततेच्या करारांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं, तेव्हापासून काय चालतं आणि काय नाही हे बरंच स्पष्ट आहे. किमतीचं बोलणं प्रत्येक ब्रँड तंतू कंपनीशी वेगळं करेल. तपशील, चाचणीच्या पद्धती, गासडीचं प्रमाण हे सगळ्यांचं एकत्र.

८ एप्रिल

शीतपेयांच्या बाटल्या बनवणाऱ्या उद्योगातले एक जण आज मुद्दाम बोलावले होते. बैठक तापली, आणि तापणं गरजेचं होतं.

टेक्स्टाइल एक्सचेंज या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२४ दशलक्ष टन तंतू तयार झाला, त्यातला ५७ टक्के पॉलिएस्टर. ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ असं जे लेबल आपण कपड्यावर वाचतो त्यातला जवळजवळ सगळा माल प्लास्टिकच्या बाटल्यांपासून येतो, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीवाल्यांचं म्हणणं: बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, तीही अनेकदा. तुम्ही तिचा टी-शर्ट केलात की तो प्रवास बहुधा तिथेच संपतो. आणि आता युरोपात २०२५ पासून पेट (बाटलीतलं पॉलिएस्टर) बाटल्यांमध्ये किमान २५ टक्के पुनर्वापरित माल बंधनकारक आहे, २०३० पासून सर्व प्लास्टिक पेयबाटल्यांमध्ये ३० टक्के. आम्हालाच बाटल्या पुरत नाहीत.

ब्रँडच्या प्रतिनिधींना हे रुचलं नाही. मला मात्र बाटलीवाल्यांची बाजू पटते. दुसऱ्याचं चालू चक्र तोडून आपण आपलं लेबल हिरवं करत असू तर त्याला सहकार्य म्हणता येणार नाही. आमच्या चादरींतून निघणारा पॉलिएस्टर म्हणूनच महत्त्वाचा: अल्कलीत त्याचं टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल होतं, म्हणजे मूळ कच्चा माल. फ्रान्सची कार्बिओस कंपनी हेच काम एन्झाइमने करते. ऑन, पॅटागोनिया, प्यूमा, पीव्हीएच, सॅलोमन या कंपन्या तिच्याबरोबर एकत्र आल्या आणि २०२४ मध्ये कापडाच्या कचऱ्यातून केलेला टी-शर्ट त्यांनी दाखवला. स्पर्धक कंपन्या एका प्रयोगशाळेमागे उभ्या राहू शकतात, याचा तो चांगला दाखला.

आमच्या आम्लाला गिऱ्हाईक शोधायचं काम या पाहुण्यांनीच अंगावर घेतलं आहे.

२४ एप्रिल

राणा प्लाझा कोसळल्याला आज बारा वर्षं झाली. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावर. १,१०० हून अधिक माणसं गेली, बहुतेक शिलाई कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, कपड्यांच्या कारखान्यांत मात्र माणसांना कामावर बोलावलं गेलं.

बैठकीची सुरुवात आज दोन मिनिटं उभं राहून केली. मग करारावर आलो, कारण या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे. त्याआधी कितीतरी वर्षं ब्रँडच्या स्वेच्छा आचारसंहिता होत्या, तपासण्या होत्या, प्रमाणपत्रं होती. दुर्घटनेनंतर महिन्याभरात जो बांगलादेश अकॉर्ड हा कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार झाला तो कायद्याने बंधनकारक होता. एका बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार संघटना, दुसऱ्या बाजूला ब्रँड. पुढे ब्रँडची संख्या २०० च्या वर गेली. त्यात स्वतंत्र तपासणी होती. तपासणीचे अहवाल जाहीर होत. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला झेपेल अशी व्यवस्था करणं ब्रँडवर होतं, आणि पहिली दोन वर्षं तरी ऑर्डरी काढून घ्यायच्या नाहीत असंही त्यात होतं. वर्षं लिहिलेली होती. जबाबदारी कोणाची ते लिहिलेलं होतं.

याउलट २०२० मध्ये महामारी आली तेव्हा तयार झालेल्या, शिवून झालेल्या मालाच्या ऑर्डरी रद्द झाल्या. कापडाचे पैसे कारखानदार आधीच देऊन बसले होते. भागीदारी हा शब्द तेव्हाही सगळ्यांच्या अहवालांत होता.

म्हणून आमच्या मसुद्यात ‘प्रयत्न करू’, ‘पाठिंबा देऊ’ ही क्रियापदं काढून टाकायला मी सुचवलं. ‘घेऊ’ आणि ‘देऊ’ एवढीच ठेवा, पुढे टन आणि वर्ष. एका ब्रँडच्या कायदा विभागाने वेळ मागितला आहे.

१५ मे

गणवेशाची नवी रचना. शिवणारे, लॉन्ड्री आणि वर्गीकरणाच्या ताई एकाच टेबलावर. मध्ये रुग्णालयाच्या गणवेशातली पँट उलटी करून ठेवलेली.

कमरेत इलॅस्टिक, चारी बाजूंनी शिवून टाकलेलं. ताईंनी उसवणीने ते काढून दाखवलं. बराच वेळ लागला आणि कापडही फाटलं. शिवणाऱ्या कंपनीच्या मास्टरांनी तिथेच दुसरी पँट घेऊन कमरेला नुसता नेफा ठेवला आणि इलॅस्टिक फक्त मागच्या भागात, दोन टोकांना टाके घालून बसवलं. दोन टाके तोडले की पट्टी सर्रकन हातात येते. घालणाऱ्याला फरक कळत नाही.

प्रेस-बटणांऐवजी कापडाची बंदगाठ नर्सिंग विभागाने साफ नाकारली. घाईत गाठ सुटत नाही, रुग्णाजवळ काम करताना ते परवडत नाही. त्यांचं ऐकायलाच हवं. बटणं राहतील, पण सगळी एका पट्टीवर, आणि ती पट्टी उष्णतेने विरघळणाऱ्या धाग्याने शिवलेली. असा धागा आता बाजारात आहे. बेल्जियमची रिसॉर्टेक्स कंपनी तो बनवते. मात्र लॉन्ड्रीच्या इस्त्रीच्या रोलरचं तापमान आणि धागा सुटायचं तापमान यात पुरेसं अंतर हवं. चाचणी लावली.

चिप आणि लेबल: दोन्ही आता एकाच कोपऱ्यात, तिरप्या शिवणीच्या आत. ताईंनी कुठे कापायचं ते खडूने आखून दिलं आणि मास्टरांनी तीच रेघ पॅटर्नवर घेतली.

३ जून

पहिली मोठी खेप. चादरींचा लगदा स्वच्छ निघाला. गणवेशांच्या गासडीत इलॅस्टेन होतं. ते गाळणीवर चिकटून बसलं आणि खेप थांबवावी लागली. हे गणवेश जुन्या रचनेचे, त्यामुळे ते अजून काही वर्षं येतच राहणार. तोवर गणवेश बाजूला, फक्त चादरी.

२७ जून

लगद्याचा पत्रा अतिनील दिव्याखाली धरला तर निळसर चमकतो. तंतू कंपनीला काळजी वाटली. कागदवाल्यांनी मात्र क्षणात ओळखलं: डिटर्जंटमधलं ऑप्टिकल ब्राइटनर. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ते स्वतः त्याच कुळातली द्रव्यं वापरतात. ओझोनच्या टप्प्यात ती मोडतात हेही त्यांना माहीत होतं. टप्पा वाढवला.

पण मुळातच ते घालायचं कशाला, असा प्रश्न लॉन्ड्रीच्या मॅडमनी त्यांच्या रसायन पुरवठादाराला केला. त्यातून पुरवठादारही आता बैठकीला येऊ लागले आहेत. कपडा उद्योगात नदीत जाणाऱ्या रसायनांविरुद्ध ग्रीनपीसने २०११ मध्ये मोहीम उघडल्यावर ब्रँड एकत्र आले आणि घातक रसायनांचा विसर्ग शून्यावर आणायचा झेडडीएचसी हा उपक्रम उभा राहिला. कारखान्यात काय वापरायचं नाही याची सामायिक यादी २०१४ पासून आहे. त्याआधी प्रत्येक ब्रँडची यादी वेगळी आणि रंगखात्याने त्या सगळ्या सांभाळायच्या, असा प्रकार होता. लॉन्ड्री या यादीच्या बाहेर राहते, कारण ती ‘उत्पादन’ करत नाही. आता तिचं रसायन आमचा कच्चा माल ठरवतं. यादी त्यांच्यासाठी वाढवायचं काम पुरवठादार आणि प्रयोगशाळा मिळून करतील.

१७ जुलै

उष्णतेचा विषय.

फॅशन जगातलं १० टक्के कार्बन उत्सर्जन करतं, हे वाक्य आमच्या सादरीकरणात कोणीतरी घातलं होतं. काढायला लावलं. त्याला भक्कम आधार सापडत नाही. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि अपॅरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट यांनी २०२१ मध्ये काळजीपूर्वक केलेला अंदाज २०१९ सालासाठी सुमारे १.०२५ अब्ज टनांचा, म्हणजे जगाच्या साधारण २ टक्के. तोही प्रचंडच आहे. आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा कापड तयार करणं, रंगवणं, फिनिशिंग या टप्प्याचा. दुकानातल्या दिव्यांनी तो कमी होणार नाही. बॉयलर बदलावा लागेल. रंगखात्याची वाफ अजूनही बऱ्याच ठिकाणी कोळशावर होते.

गिरणीच्या रंगखात्याच्या प्रमुखांनी विचारलं की पॉलिएस्टर पाण्याशिवाय रंगवायचं यंत्र आपण का घेत नाही. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगवायचं ते तंत्र. ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बारच्या वर तो वायू धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही आणि रंग वाहून नेतो. कॉफीतलं कॅफीन काढायला हेच वापरतात. पॉलिएस्टरला चालतं, आमच्या लायोसेलला चालत नाही. त्यामुळे सध्या नाही.

बँकेने बॉयलर बदलायला कर्ज द्यायची तयारी दाखवली, अट तीच: ऑर्डरची मुदत कर्जाच्या मुदतीशी जुळली पाहिजे. गिरणीला पुढच्या हंगामापलीकडची ऑर्डर आजवर कोणी दिलेली नाही.

१० सप्टेंबर

युरोपियन संसदेने काल कपड्यांसाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या नियमाला अंतिम मंजुरी दिली. सदस्य देशांना नियम लागू झाल्यापासून ३० महिन्यांत योजना उभी करायची आहे: जो कपडा बाजारात आणेल त्याने त्याच्या गोळा करण्याचे, वर्गीकरणाचे, पुनर्वापराचे पैसे भरायचे. फ्रान्समध्ये हे २००७ च्या कायद्यापासून आहे. वर्गीकरणाच्या टेबलावरच्या कामाचे पैसे कोणी द्यायचे या आमच्या जुन्या वादाला यामुळे आधार मिळाला. वर्गीकरण कंपनीचे लोक आज पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

९ ऑक्टोबर

सूत आलं.

गिरणीच्या फोरमननी काळ्या पाटीवर ते सारख्या अंतराने गुंडाळलं आणि खिडकीजवळ उजेडात तिरपं धरलं. जाड-बारीक जागा, गाठी, सगळं त्या काळ्यावर उठून दिसतं. शेजारी लाकडाच्या लगद्याच्या लायोसेलची पाटी. बराच वेळ दोन्ही पाट्या आलटून पालटून बघून ते म्हणाले, ‘कुठली कुठली ते मागे लिहून ठेवा, नाहीतर मिसळतील.’ ३० नंबरचं रिंगवरचं सूत, आणि साच्यावर तुटण्याचं प्रमाण नेहमीइतकंच.

किमतीचा पेचही आज सुटला, आणि उपाय बँकेकडून आला. पुनर्वापरित तंतू थोडा महाग. नेहमीच्या पद्धतीत सूतगिरणी त्यावर आपला टक्का लावते, कापडवाला आपला, शिवणारा आपला, आणि ब्रँडपर्यंत येता येता तो थोडा फरक फुगतो. आता दोन्ही ब्रँड जादा रक्कम आपापल्या करारानुसार थेट तंतू कंपनीला देतील. मधल्या साखळीत तंतू साध्या लायोसेलच्या भावाने जाईल, टक्के त्यावरच लागतील. यासाठी ब्रँडच्या खरेदी खात्याला आपली हिशेबाची पद्धत बदलावी लागली. एका हंगामाच्या नफ्यावर बढती ठरणाऱ्या लोकांनी ते केलं, त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

६ नोव्हेंबर

करारांवर सह्या. पाच वर्षं. टन दर वर्षाच्या रकान्यात लिहिलेले. किंमत लाकडाच्या लगद्याच्या भावाशी बांधलेली, खाली-वर मर्यादेसह. ब्रँडने कमी माल उचलला तर फरक भरायचा. लगदा ठरल्या प्रतीचा नसेल तर तो पल्प विभागाने परत घ्यायचा. वर्गीकरणाच्या टेबलावरच्या मजुरीचा किमान दर करारातच आहे आणि तो कमी करून कोणालाही किंमत उतरवता येणार नाही.

एका ब्रँडची मुदत तीनच वर्षांची. बँकेने त्यांच्या वाट्याचं कर्ज त्या प्रमाणात कमी केलं.

१९ नोव्हेंबर

शिल्लक कामं:

टेरेफ्थॅलिक आम्लाचे नमुने बाटली उद्योगाकडे गेले आहेत. शुद्धतेचा निकाल यायचाय. टायटॅनियम डायऑक्साइडचं (तंतूची चमक कमी करणारं पांढरं द्रव्य) प्रमाण त्यांना जास्त वाटतंय.

विरघळणाऱ्या धाग्याची चाचणी रोलरवर पुन्हा घ्यायची. शिवण शाबूत राहिली, पण पट्टीच्या कडेला चुण्या पडल्या.

निळे गणवेश. कापसाचा रंग कापसाबरोबर राहतो, पॉलिएस्टरचा पॉलिएस्टरबरोबर जातो, म्हणजे दोन वेगळे प्रश्न. रंग पुरवठादारांशी पहिली बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ताई आणि मास्टर दोघांनाही बोलावलंय.

गिरणीच्या बॉयलरच्या कर्जाचा अर्ज उद्या जाईल. सोबत पाच वर्षांच्या कराराची प्रत जोडायची.